चैनीचा पैसा कुठं मुरतो?

विट्याहून भिवघाटाकडं निघालं की गावागावांत असे बंगले दिसतात, की परका माणूस गाडी थांबवून बघत राहील. ग्रॅनाइटचे खांब, स्टीलचे चकचकीत कठडे, गच्चीवर पंख पसरलेला गरुड, फाटकावर आडनावाची पितळी पाटी आणि त्याच फाटकाला कुलूप. मालक केरळात, तमिळनाडूत, कोलकात्यात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पोटासाठी सोन्या-चांदीच्या गलाईत शिरली आणि देशभर पांगली. जुने दागिने वितळवायचे, ॲसिडच्या धुरात उभं राहून शुद्ध सोनं वेगळं काढायचं, असा हा धंदा. त्यातून जो पैसा सुटला तो गावी बंगला होऊन उभा राहिला. यात्रेला आठवडाभर, घरात लग्न असेल तर आणखी थोडे दिवस, एवढाच त्याचा वापर. एरवी एखादी म्हातारी नाहीतर राखणदार.

या बंगल्यांना हसणं सोपं आहे आणि शहरातले लोक हसतातही. पण त्या बांधकामावर गावातला गवंडी, सुतार, फरशीवाला, विट्याचा सिमेंट-लोखंडाचा दुकानदार अशा बऱ्याच जणांची चूल पेटली होती. आता त्याच घरांतली पुढची पिढी गावात बंगला बांधत नाही. तिचा फ्लॅट पुण्यात किंवा जिथं धंदा आहे तिथं. हौस करायची तर दुबई, युरोप, नाहीतर उदयपूरला लग्न. बापानं गावाला दाखवण्यासाठी खर्च केला; मुलाला गावाला काही दाखवायचंच नाही. प्रगती म्हणून आपण याचं कौतुकही करतो. मला मात्र त्यात आपल्या भागाचा तोटा दिसतो आणि तो मोजायला हवा असं वाटतं.

हा बदल एकट्या सांगलीचा नव्हे. बेन ही सल्लागार कंपनी इटलीतल्या उंची माल बनवणाऱ्यांच्या संघटनेबरोबर दरवर्षी जगभरच्या चैनीच्या बाजाराचा हिशेब मांडते. २०२४ च्या हिशेबात पर्स, घड्याळं, कपडे, दागिने, अत्तरं यांचा बाजार सुमारे दोन टक्क्यांनी घसरून ३६३ अब्ज युरोवर आला आणि आधीच्या दोन वर्षांत जवळजवळ पाच कोटी गिऱ्हाइकं त्यातून गळाली. प्रवास, उंची हॉटेलं, खाणंपिणं यांवरचा खर्च मात्र वाढत राहिला. आपल्या देशातही वारं त्याच दिशेचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. २०२३-२४ मध्ये या वाटेनं ३१.७ अब्ज डॉलर बाहेर गेले. त्यातले सुमारे १७ अब्ज, म्हणजे निम्म्याहून जास्त, नुसत्या प्रवासासाठी. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या नावानं आपण एवढी ओरड करतो, त्यांच्या शिक्षणासाठी गेलेल्या रकमेच्या ही रक्कम चौपटीहून अधिक आहे. अर्थात वस्तूंचा सोस संपला असं कुणी समजू नये. मर्सिडीजनं २०२४ मध्ये भारतात १९,५६५ गाड्या विकल्या, तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त.

आमच्याकडचा श्रीमंत म्हणजे कोण? मार्केट यार्डातला हळद-बेदाण्याचा मोठा अडत्या, मिरजेचा डॉक्टर, कारखान्याच्या राजकारणातलं घराणं, कुपवाडचा कारखानदार, बिल्डर, गलाईवाला. या यादीत मी द्राक्षबागायतदाराला सरसकट घालणार नाही. तासगाव-मिरजेच्या बागायतदाराकडं बंगला नि गाडी बघून पुण्या-मुंबईचे लोक त्याला धनाढ्य समजतात. त्याच्या डोक्यावरचं सोसायटीचं नि औषधदुकानदाराचं कर्ज त्यांना दिसत नाही. अवकाळीच्या तडाख्यानं आणि वाढत्या खर्चानं बागा काढून टाकलेली घरं या तालुक्यांत कमी नाहीत.

तर हा जो खरा श्रीमंत, त्याची जुनी रीत वेगळी होती. अडतीच्या दुकानात गादी-तक्क्यावर पांढऱ्या सदऱ्यात बसलेला माणूस कोट्यधीश आहे हे नवख्याला कळायचं नाही. रोजच्या जगण्यात काटकसर आणि काही ठरावीक ठिकाणी मात्र सैल हात: मुलीचं लग्न, घरातलं सोनं, देवळाचा जीर्णोद्धार, गणपतीत मंडळाला देणगी, तालमीला खुराक. ही ठिकाणं सगळ्या गावाच्या नजरेतली होती. आताचा श्रीमंत उलटा आहे. अंगात साधा लिननचा शर्ट, त्यावर कुठली खूण नाही, मनगटावर घड्याळ असं की त्याची किंमत त्याच वर्तुळातल्या माणसालाच ओळखू यावी. पूर्वी चैनीला अख्खी पेठ प्रेक्षक लागायची. आता चाळीस माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. आइसलँडमधला फोटो तिथं पडला की काम झालं. पेठेला कळलं तर उलट अडचण, देणगीवाले येतात.

श्रीमंतांच्या चैनीतून लोकांच्या हाती काय उरू शकतं, याची सगळ्यात मोठी साक्ष सांगलीच्याच इतिहासात आहे. १८४२ च्या सुमाराला कर्नाटकातून एक भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचे खेळ बघून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं, असं काही मराठीत व्हावं. दरबाराच्या पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना त्यांनी ते काम सांगितलं आणि १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ झालं. एका राजाची संध्याकाळची करमणूक, दुसरं काय? पण त्या करमणुकीसाठी लागलेला लाकूडकाम करणारा, रंगारी, शिंपी, गाणारा, सोंग घेणारा असा सगळा गोतावळा इथलाच होता आणि त्यातून जे उभं राहिलं त्यावर मराठी माणूस आजही ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. पुढं हरिपूरचे देवल, सांगलीचे खाडिलकर हे नाटककार याच मातीतून आले.

मिरजेचं उदाहरण तर अजून डोळ्यांसमोर आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांची मागणी एकोणिसाव्या शतकात आटत गेली आणि तेच हात सतार-तंबोऱ्याकडं वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तूणचं लाकूड, जवारी (तारेची गुंज) काढणारा कान आणि गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक, त्यांच्या पदरचे गवई, पुढं डॉक्टर-वकिलांची हौशी घरं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर इथंच दर्ग्याच्या आवारात विसावले आणि उरुसाला आजही गवई तिथं हजेरी लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कागद मिळाला, गिऱ्हाईक मात्र इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याकडं गेलंय. तंबोरा महागडी वस्तू आहे, तो टिकतो, नातवापर्यंत जातो, त्याच्या किमतीतला बहुतेक पैसा सतारमेकर गल्लीतच राहतो. याहून चांगली चैन कोणती? तरी आमच्या विश्रामबागेतल्या नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात तंबोरा नसतो, तिथं इटालियन सोफा असतो आणि भिंतीवर होम थिएटर.

शेजारच्या औंधचीही गोष्ट सांगितली पाहिजे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींना चित्रांचा नाद होता, स्वतः काढायचे आणि जमवायचेही. त्यांनी १९३८ मध्ये हा सगळा संग्रह डोंगरावरच्या वस्तुसंग्रहालयात लावला. राजा रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प, हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात एसटीनं जाऊन तिकीट काढून कुणालाही बघता येतं. याच राजानं १९१० मध्ये बेळगावहून हुसकल्या गेलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर आणि चित्र, दोन्हींवर खर्च करणारा असा माणूस आज शोधून सापडायचा नाही. आजच्या कुणा श्रीमंतानं महागडं चित्र घेतलंच, तर ते त्याच्या बेडरूममध्ये जातं आणि त्याचं नाव फक्त विमा कंपनीला माहीत असतं.

इथं मला थांबवून कुणी म्हणेल, संस्थानिकांचे गोडवे पुरे झाले. बरोबर आहे. त्या दरबारी चैनीमागं रयतेचा सारा होता. देवळाच्या गाभाऱ्यात आणि नाटकाच्या बैठकीत कोण कुठं बसणार हे जातीवर ठरायचं आणि नाचगाण्याची हौस ज्या बायकांच्या जिवावर भागवली गेली त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. शिवाय भाव्यांच्याच कहाणीचा पुढचा भाग माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, पुढच्या कारभारात नाटकाला तो आश्रय राहिला नाही आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. म्हणजे राजाची थैली बंद झाली म्हणून नाटक लोकांचं झालं. नाटक जगवलं ते तिकीट काढणाऱ्यांनी. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच राजे परत या असं माझं मागणं नाही. पण तिकिटापर्यंत पोचायला आधी नाटक जन्मावं लागतं, आणि त्या जन्माचा खर्च कुणाच्या तरी हौसेनं केला होता. शिवाय ती हौस गावातच भागवावी लागत होती, कारण दुसरीकडं भागवायची सोय नव्हती. आता सोय आहे. मुंबईहून उडालेलं विमान चार तासांच्या आत दुबईत उतरतं.

लग्नाचं बघा. बदल सगळ्यात ठळक तिथं दिसतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सांगलीतल्या मोठ्या घरचं लग्न म्हणजे हजारोंच्या पंगती. मंडपवाला, आचारी, वाढपी, बँड, हलगी, घोडा, फुलवाला, पत्रिका छापणारा, बस्त्याचा कापडवाला, सगळे आसपासचे. अख्ख्या गावाला चूलबंद आमंत्रण. त्यात मिरवणं होतं, नासाडी होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाच एकरवाल्यालाही तसंच करावं लागायचं, मग मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा पैसा, आली की ती सावकाराकडं. ही रीत जावी असं वाटणाऱ्यांत मीही आहे. आपल्याच भागानं याच्यावर उतारा काढला होता. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव गांधी विवाह लावले, हार-तुऱ्यावर, कर्ज न काढता. त्या आधी सत्यशोधकांनी साध्या लग्नाचा पायंडा पाडला होता.

गावजेवण गेलं, पण त्याच्या जागी गांधी विवाह आला नाही. गोव्याचा किंवा राजस्थानचा रिसॉर्ट आला. पाहुणे दीडशे-दोनशे, खर्च पूर्वीइतका किंवा जास्त. इव्हेंटवाला पुण्या-मुंबईचा, फुलं बंगळूरची, फोटोवाला दिल्लीचा. यादी लहान झाली म्हणजे कुणाला गाळलं? दुकानातला हमाल, शेतावरचा गडी, परीट, दूरची गरीब मावशी. पूर्वी ते शेवटच्या पंगतीला का होईना बसायचे. आता त्यांना एक बॉक्स मिठाई पोचते. मोठेपणाचं माप आधी किती लोक आले यावर होतं, आता किती लोकांना बोलावलं नाही यावर आहे. आणि ज्यांना बोलावलं नाही त्यांनीही लग्न बघितलेलंच असतं, मोबाइलवर, ड्रोननं वरून टिपलेलं. त्यामुळं पाच एकरवाल्याची सुटका झालेली नाही. आता त्याच्या मुलीला हळदीला पिवळी थीम हवी, प्री-वेडिंगला महाबळेश्वर हवं. कर्ज तेच, फक्त ते पंगतीत गावाच्या पोटात जायचं, आता कॅमेऱ्याच्या भाड्यात जातं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी परदेशात जाऊन लग्न करण्यापेक्षा देशातच करा असं आवाहन केलं होतं. देशाच्या हिशेबात ते ठीकच आहे. सांगलीच्या मंडपवाल्याला उदयपूर आणि बाली सारखेच लांब.

सोन्याबद्दल मी थोडं उलटं बोलणार आहे. शिकलेले लोक सांगतात, सोन्यात पैसा अडकवणं मागासपणा. आयात करायचं, तिजोरीत ठेवायचं, त्यातून काही पिकत नाही. देशाच्या दृष्टीनं खरंच आहे. सोनं इथल्या मातीत निघत नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून अनेकांना ते परवडतही नाही. पण लग्नाच्या खर्चातला मोठा वाटा दागिन्यांतून निघून सोहळ्यात गेला, तेव्हा तोटा कुणाचा झाला हे कुणी विचारलं का? पाटल्या, तोडे, साज, बोरमाळ, पुतळ्यांची माळ हे मुलीचं होतं. कायद्यानंही स्त्रीधन तिचंच. नवरा वाईट निघाला, धंदा बुडाला, दवाखान्याचं बिल आलं, २०१९ चा पूर ओसरल्यावर चिखलानं भरलेलं दुकान पुन्हा मांडायचं झालं, तेव्हा सराफ कट्ट्यावर जाऊन दागिना मोडता येतो, गहाण ठेवता येतो. ड्रोनचं शूटिंग मोडता येत नाही. वस्तू सोडून आठवणी विकत घ्या, असं जाहिरातवाले सांगतात. ज्याच्या नावावर आधीच दोन प्लॉट नि फंडात पैसा आहे त्याला हे परवडतं, आणि आपल्याकडं तो बहुतेक वेळा पुरुष असतो. बाईच्या नावावर जे एकमेव भांडवल असायचं, तेच हे शहाणपण खाऊन टाकतंय. (गणेश नारायण गाडगिळांनी १८३२ मध्ये सांगलीत पेढी टाकली तेव्हापासून या गावाला दागिन्याची पारख आहे, दागिना म्हणजे निव्वळ मिरवणं, असं या गावाला तरी कुणी शिकवू नये.)

आता मुख्य दुखण्याकडं येतो. चैन गावाबाहेर गेली की चैन करणाऱ्याचं गावातलं गरजेचं नातंही बाहेर जातं. सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं, हा प्रश्न कित्येक वर्षांचा आहे. त्यावर योजना झाल्या, उद्घाटनं झाली, निवडणुका लढल्या गेल्या, नाला अजून बातमीत आहे. पूर्वी शहरातला मोठा माणूसही सकाळी घाटावर यायचा, पोहायचा, विष्णुघाटाच्या पायऱ्यांवर गप्पा मारायचा. नदी घाण झाली तर त्याच्या नाकाला कळायचं. आता त्याच्याकडं घरात पाण्याची यंत्रं आहेत आणि पोहायला क्लबचा तलाव. सुट्टीत मालदीवचं निळं पाणी. वीज गेली तर जनरेटर. शाळा पुण्यात नाहीतर पाचगणीत. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभाग, दत्तनगर, कोल्हापूर रोडकडचे लोक छपरावर होते. ज्यांचा पुण्यात फ्लॅट होता ते पाणी चढायच्या आतच निघाले. यात गुन्हा काही नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा. पण पूर ओसरल्यावर पूररेषेबद्दल, नाल्यांवरच्या बांधकामांबद्दल ज्या आवाजानं महापालिकेला जाब विचारायचा, तो आवाज अशा वेळी गावात नसतो. अधूनमधून कवलापूरच्या विमानतळाची मागणी मात्र जोर धरते. विमानतळ व्हावा, माझी हरकत नाही. पण श्रीमंत माणूस ज्यासाठी भांडतो त्यावरून तो कुठं राहतो हे कळतं, आणि सांगलीचा श्रीमंत आता मनानं विमानतळावर राहतो.

चैनीवर कर लावा, हे यावरचं ठरलेलं उत्तर. कर आहेच, पण त्याची गंमत बघा. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्तीकर रद्द झाला. २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून त्याची वसुली १,००८ कोटी होती, म्हणजे वसुलीचा खटाटोप मोठा आणि हाती चिल्लर. त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार आला. हिशेबानं ते शहाणपणाचंच होतं. पण संपत्ती आणि उत्पन्न यांतला फरक त्यात पुसला गेला. ज्याच्याकडं मोप आहे पण कागदावर उत्पन्न नाही, तो सुटला. मग एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळांवर, पर्सवर, चित्रांवर, गॉगलवर, शर्यतीच्या घोड्यांवर एक टक्का रक्कम विक्रेत्यानं गिऱ्हाइकाकडून जादा घेऊन सरकारात भरायची, असा नियम झाला. हा काही वेगळा कर नव्हे, विवरण भरताना ती रक्कम वळती होते. खरेदीची नोंद व्हावी एवढाच हेतू. (शर्यतीचा खिल्लार बैल त्या यादीत नाही. आमच्याकडं त्याचाही भाव दहा लाखांच्या पुढं जातो, पण दिल्लीला ते अजून कळलेलं दिसत नाही.) आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची नवी रचना आली तेव्हा चैनीच्या वस्तूंवर चाळीस टक्के, असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात मोठ्या एसयूव्हीवर आधी अधिभार धरून पन्नास टक्के होता. म्हणजे ज्या गाडीशिवाय आमच्याकडं पुढारी होता येत नाही ती काही लाखांनी स्वस्त झाली.

खिल्लाराचा विषय निघालाच आहे तर त्याच्याबद्दल माझं मत लपवत नाही. शर्यतीच्या बैलावर लाखो रुपये घालणारा, त्याला बदाम-अंडी चारणारा, मैदान मारलं की थार किंवा ट्रॅक्टर बक्षीस घेऊन डीजेवर गुलाल उधळणारा जो नवा ग्रामीण धनिक आहे, त्याला शहरी लोक हास्यास्पद समजतात. मला तो लिननच्या शर्टातल्या माणसापेक्षा परवडतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना मोकळीक दिली आणि २०२३ मध्ये ती कायम केली, तेव्हापासून या भागात खिल्लाराला पुन्हा किंमत आली, वासरं सांभाळणाऱ्याला पैसा मिळू लागला, गाडा बनवणारा सुतार कामाला लागला. शर्यतीत बैलाचे हाल होतात का, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, आणि तिथं मी आयोजकांच्या बाजूनं बोलणार नाही. कुस्तीचंही तसंच. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी १९६४ मध्ये हिंदकेसरी मारली, त्यामागं गावोगावच्या तालमींना खुराक पुरवणाऱ्या हाताची पुण्याई होती. ही चैन रांगडी आहे, मतांसाठीही आहे. पण ती गावाच्या मैदानात होते, फुकट बघता येते, आणि तिच्यातला रुपया तालुक्याबाहेर जायच्या आधी आठ-दहा हातांतून फिरतो.

श्रीमंतांना आवाहन करून काही होईल असं मला वाटत नाही. आपल्या मातीचं ऋण वगैरे भाषणं सत्कारात बरी दिसतात. माणूस संध्याकाळ जिथं बरी जाईल तिथं पैसा खर्च करतो. सांगलीत आज तशी जागा किती? घाटावर बसावं तर वास. मैफल ठेवायची तर चांगल्या आवाजाचं सभागृह शोधावं लागतं, तेही ज्या शहराच्या शेजारी मिरज आहे तिथं. म्हणजे श्रीमंत निघून जातो कारण शहरात काही नाही, आणि शहरात काही होत नाही कारण ज्याच्या खिशात आणि शब्दात वजन आहे तो निघून गेलेला असतो. हे चाक कुठून तरी थांबवायचं तर ज्याला कुणाच्या दानतीची वाट बघावी लागत नाही असा एकच उपाय आहे, आणि तो स्थानिक कराचा.

माझा रोख घरपट्टीवर आहे. दिल्लीचा कर घड्याळाच्या मागं धावतो आणि घड्याळ दुबईतही विकत घेता येतं. बंगला, लॉन, मंगल कार्यालय, फार्महाऊस, शहराच्या मोक्यावर दहा-दहा वर्षं तारेचं कुंपण घालून ठेवलेला प्लॉट, हे उचलून नेता येत नाहीत. मुंबईत २०१० पासून घरपट्टी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर आहे आणि राज्यातल्या इतर महापालिकांनाही कायद्यानं तो पर्याय खुला आहे. दोन खोल्यांच्या घराला सूट देऊन, बंद पडलेल्या बंगल्याला आणि मोकळ्या प्लॉटला चढा दर लावून, त्या पैशाचा हिशेब शेरीनाला आणि घाट एवढ्याच खात्यात दाखवला, तर विरोध कमी होईल असं नाही. तो होईलच, आणि सगळ्यात मोठा विरोध ज्यांचे प्लॉट आहेत त्या नगरसेवकांकडून होईल. शेतीच्या उत्पन्नावरच्या करमाफीचं काय, असा प्रश्न लगेच येईल, आणि तो टाळू नये. द्राक्षवाल्याच्या नावानं मिळणारी ही माफी वापरून पन्नास-पन्नास लाखांचं ‘शेतीचं उत्पन्न’ दाखवणारे डॉक्टर नि बिल्डर कोण आहेत, हे प्रत्येक गावाला माहीत असतं. अगदी वरच्या मर्यादेपुढं ही माफी काढली तर कर्जातल्या बागायतदाराला धक्काही लागणार नाही. पण ते संसदेचं नि विधिमंडळाचं काम, तिथं पोचेपर्यंत आणखी दोन पिढ्या जातील. घरपट्टीचा ठराव मात्र सांगली, मिरज आणि कुपवाड महापालिकेच्या सभागृहात मांडता येतो, आणि तिथं कोण हात वर करतं, कोण खाली ठेवतं, हे गॅलरीत बसून कुणालाही बघता येतं.